ती मान, तो मान आणि कपाटाची किल्ली

ताई, सलाम.

माझं वय ६३. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, आहे, तिथे मी १४ वर्षं सेक्रेटरी होतो. चर्चचे पत्रे काढून स्लॅब टाकला तो माझ्या काळात. एप्रिलच्या वार्षिक सभेत मी ९ मतांनी पडलो. निवडून आला तो मुलगा माझ्याच रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकलेला. दहा आज्ञा मी त्याच्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. तेव्हापासून मी शेवटच्या बाकावर बसतो. आशीर्वाद झाला की कुणाशी न बोलता घरी येतो. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला तीनदा चुकवला. मनात एवढं असताना कसं घेऊ? बायको म्हणते, तुमचा ताठा तुम्हालाच खातोय. पाळकसाहेबांनी नम्रतेवर उपदेश केला आणि सगळा वेळ माझ्याकडे पाहत होते. मी रोज पहाटे नम्रतेसाठी प्रार्थना करतो, आणि रविवारी तो मुलगा पुढे उभा राहून नोटिसा वाचायला लागला की पोटात आग पडते.

आणखी एक विचारतो. माझे आजोबा गावचे महार. वाटेत पाटील दिसला की वाकून जोहार घालायचे. ख्रिस्ताने आपली मान सरळ केली, असं वडील सांगायचे. मग आता मंडळीतच आम्हाला वाका म्हणतात ते कशासाठी? नम्रता म्हणजे अपमान गिळणं का?

ता. क. कपाटाची किल्ली आणि जुनी रजिस्टरं अजून माझ्याकडेच आहेत. नव्या सेक्रेटरीने नीट मागितली नाहीत, म्हणून दिली नाहीत.

— एक भाऊ

भाऊ, सलाम.

तुमचं पत्र आलं त्या रात्री वाचलं आणि सकाळी पुन्हा वाचलं. तुम्ही आपल्या मनातलं काहीच झाकून ठेवलं नाहीत. पोटात आग पडते, असं स्वतःच्या हाताने लिहायला धैर्य लागतं. त्यामुळे मीही तुमच्याशी आडपडदा न ठेवता बोलते.

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय नम्रतेबद्दल मी जे काही सांगेन ते तुम्हाला गावकीच्या हुकमासारखं ऐकू येईल, आणि त्यात तुमची चूक नसेल. माझं माहेर जालन्याकडचं. आमच्या घरातही हीच गोष्ट सांगितली जायची. वेस राखायची, मेलेलं ढोर ओढून न्यायचं, कुणाचा सांगावा घेऊन रात्री-बेरात्री दुसऱ्या गावी धावायचं, आणि त्याबद्दल दारोदार भाकरी मागायची, तीही दुरून. नगरमध्ये अमेरिकन मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. पण आपली माणसं खेड्याखेड्यांतून मोठ्या संख्येने मंडळीत आली ती १८७६ ते ७८ च्या दुष्काळाच्या सुमाराला. त्यांच्याबद्दल लोक काय काय बोलले ते आपल्याला ठाऊक आहे. पण त्या माणसांना प्रार्थनेला बसायला सतरंजी मिळाली, मुलांच्या हातात पाटी आली, आणि जोहाराच्या जागी एकमेकांना बरोबरीने म्हणायचा सलाम आला. तुमचे वडील बोलले ते खरंच होतं. ते वाक्य तुम्ही कुणालाही खोडू देऊ नका, मलासुद्धा.

दुसऱ्याने वाकवलेल्या माणसाला नम्र म्हणत नाहीत. तुमच्या आजोबांना गावाने वाकवलं होतं. ती नम्रता नव्हती, तो त्यांच्यावरचा अन्याय होता. हे मी आजच्या काळाचं बोलते असंही नाही. नव्या कराराच्या काळातल्या ग्रीक भाषेत 'लीन' या अर्थाचा जो शब्द होता तो गुलामाबद्दल, हलक्या माणसाबद्दल वापरायचे. तेव्हाच्या शहाण्यांनी माणसाच्या सद्गुणांची यादी केली, त्यात या शब्दाला जागा नव्हती. विश्वासणाऱ्यांनी हा टाकलेला शब्द उचलला, कारण आपला प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांच्या पायांशी बसला हे ते सांगत आले होते. फिलिप्पैकरांच्या पत्रात ख्रिस्ताबद्दल लिहिलं आहे ते नीट पाहा. त्याने स्वतःला रिक्त केलं, स्वतःला लीन केलं. दोन्ही ठिकाणी 'स्वतःला' आहे. त्याला कुणी वाकवलं असं तिथे म्हटलेलं नाही.

आणि तेच पत्र लिहिणारा पौल त्याच फिलिप्पै शहरात कसा वागला होता ते आठवा. प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय. त्याला आणि सीलाला भर चौकात छड्या मारल्या, चौकशी न करता तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, जाऊ द्या त्यांना. पौलाने मुकाट्याने बाहेर पडावं, अशी त्यांची अपेक्षा होती. तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला दोषी न ठरवता सगळ्यांसमोर मारलंत, आणि आता गुपचूप घालवून देता? ते चालायचं नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि अधिकारी आले, विनवण्या करत आले. पुढे याच माणसाने, पुन्हा एका कैदेतून, त्याच शहरातल्या मंडळीला लिहिलं की लीनतेने एकमेकांना आपणापेक्षा श्रेष्ठ माना. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. म्हणून मतमोजणीत काही काळंबेरं झालं असेल, हिशेबावरून तुमच्यावर खोटा आळ आला असेल, तर पंच कमिटीला लेखी अर्ज द्या, सभेत उभं राहून विचारा. प्रभूलाही प्रमुख याजकासमोर थप्पड बसली तेव्हा त्याने विचारलं होतं, मला का मारतोस? अपमान गिळत बसा, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण भाऊ, तुमच्या पत्रात असं काही नाही. ९ मतं कमी पडली, एवढंच आहे.

आपल्या मराठीत 'मान' हा शब्द दोन तऱ्हांचा आहे, एक ती मान आणि एक तो मान. ती मान खांद्यावर असते. ती तुमच्या आजोबांची वाकवली गेली होती आणि ख्रिस्ताने सरळ केली. तो मान दुसरे देतात. पहिल्या बाकावरची जागा, सणाच्या दिवशी पाहुण्यांना हार घालायचा हक्क, लग्नाच्या मांडवात 'या सेक्रेटरीसाहेब' अशी हाक. आपण बऱ्याचदा तो मान गेला की ती मान गेली म्हणून ओरडतो. तुमचं तसंच झालंय, असं मला वाटतं. तुमची मान सरळच आहे. मतदानाने ती कुणी वाकवलेली नाही, आणि वाकवू शकणारही नाही.

थोडं कडक वाटेल, पण विचारते. त्या मुलाचे आजोबा कुठे उभे राहायचे? बहुधा तुमच्या आजोबांच्या शेजारीच. त्यांनीही जोहार घातला असेल. ख्रिस्ताने मान सरळ केली ती तुमच्या एकट्या घराण्याची नव्हे. आज त्यांचा नातू उभा राहून नोटिसा वाचतो, हिशेब मांडतो, पंचांच्या सभेत बोलतो. तुमच्या वडिलांनी हेच पाहण्याची आस धरली असणार. हे पोरगं तुमच्या हाताखाली दहा आज्ञा शिकलं. १४ वर्षांच्या कामाचं हे फळ तुमच्या समोर उभं आहे आणि तुम्हाला ते बघवत नाही. याचं मला खरंच वाईट वाटलं. स्लॅबचा उल्लेख तुम्ही केलात, या मुलाचा मात्र तक्रार म्हणून केलात. माझ्या लेखी हा मुलगा तुमचं स्लॅबपेक्षा मोठं काम आहे.

आता ताजा कलम. 'नीट मागितली नाहीत, म्हणून दिली नाहीत.' सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त बोचलं ते हे एक वाक्य. नीट मागणं म्हणजे काय, भाऊ? घरी यावं, चप्पल बाहेर काढावी, 'सर, आपण परवानगी द्याल तर' म्हणावं? हे वाक्य तुमच्या आजोबांनी किती दारांवर ऐकलं असेल. नीट माग, मग देतो. ती रजिस्टरं मंडळीची आहेत, कपाट मंडळीचं आहे. तरी ती मिळवायला एका तरण्या मुलाने तुमच्यासमोर वाकावं अशी तुमची अट आहे. गर्व असाच असतो. ज्या दाराने आपल्याला दुखवलं त्याच दारात तो आपल्याला मालक करून उभा करतो, आणि आपल्या ध्यानातही येत नाही.

आणि यात तिऱ्हाईत माणसं भरडली जातात, ते तर बघाच. तुम्ही इतकी वर्षं काम केलंत, तुम्हाला मी काय सांगावं. बाप्तिस्म्याची नोंदवही त्या कपाटात असते. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, मुलाकडची मंडळी दुसऱ्या गावची, त्यांचे पाळक दाखला मागतात. कुणाला आजोबांच्या दफनाची तारीख हवी असते. कुणी मुंबईला किंवा पुण्याला राहायला गेलं, त्यांना तिकडच्या मंडळीत द्यायला सभासदत्वाचं पत्र हवं असतं. एप्रिलपासून अशी किती माणसं परत गेली असतील? त्यांचं तुमच्याशी काही भांडण नाही. गर्व हा माझ्या आणि देवाच्यामधला प्रश्न आहे, असं आपण उपदेशात ऐकतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा कुठल्या तरी तिसऱ्याच्या दाखल्यावर बसलेला असतो.

तुम्ही आपलं उघड केलंत, तर मीही माझं एक सांगते. मी आयुष्यभर परिचारिका होते. हजारो माणसांना अंघोळी घातल्या, बेडपॅन दिली आणि काढली. सेवा हा माझा जीव होता. मंडळीतही सगळे म्हणत, ताई किती नम्र. सहा वर्षांपूर्वी माझ्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर घरी आले, अंथरुणाला खिळले. शेजारची एक बाई, आमच्याच मंडळीतली, धुणीभांडी करून पोट भरणारी, रोज सकाळी येऊन माझं सगळं करायला लागली. तिसऱ्या दिवशी मी तिच्यावर खेकसले. उद्यापासून येऊ नकोस, मी पैसे देऊन बाई ठेवते. ती काही बोलली नाही. भांडं स्वच्छ करून जागेवर ठेवलं आणि म्हणाली, 'ताई, तुम्ही माझ्या सासूचं केलं होतं तेव्हा मी तुम्हाला नको म्हटलं नव्हतं.' मी भिंतीकडे तोंड करून रडले. इतकी वर्षं मी सेवा करत होते ती वरून. देणारा हात कायम माझा असावा, ही माझी अट होती, आणि ती अट मला कधी दिसलीच नव्हती. नम्र म्हणून माझं नाव झालं होतं आणि त्या नावाच्या आड हे सगळं बसलेलं होतं.

त्या अंथरुणावर मला योहानाचा तेरावा अध्याय नव्याने कळला. प्रभू शिष्यांचे पाय धुवायला लागतो तेव्हा पेत्र म्हणतो, प्रभू, तू माझे पाय कधीही धुवायचे नाहीस. ऐकायला किती नम्र वाटतं! पण प्रभू ते मान्य करत नाही. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, इतकं कठोर उत्तर देतो. पेत्राला धुणारा व्हायला चाललं असतं, धुतला जाणारा व्हायचं नव्हतं. भाऊ, १४ वर्षं तुम्ही मंडळीचं केलंत. आता त्या मुलाने तुमच्यासाठी काही करायची वेळ आली आहे. तो नोटिसा वाचेल, तुम्ही ऐकायच्या. तो सतरंजी घालेल, तुम्ही बसायचं. हे सेक्रेटरी होण्यापेक्षा अवघड आहे, ते मी अनुभवाने सांगते.

त्याच अध्यायातलं तिसरं वचन आपण वाचताना भरकन पुढे जातो. प्रभू भोजनावरून उठला, बाह्यवस्त्रं काढून ठेवली, हे आपल्याला पाठ असतं. त्याच्या आधी काय लिहिलंय? पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे जाणून तो उठला. जाणून उठला! आपण कोण आहोत याची ज्याला पक्की खात्री होती तोच खाली बसू शकला. वर बारा माणसं बसली होती, त्यांची मात्र ती खात्री नव्हती. लूक सांगतो की त्याच मेजावर त्यांच्यात वाद लागला होता, आपल्यात मोठा कोण. आणि त्या बारांमध्ये प्रभूला धरून देणारा यहूदाही होता. त्याचेही पाय प्रभूने धुतले. मी हे वाचते तेव्हा यहूदाच्या पायाशी बसलेल्या प्रभूपुढे माझे सगळे हिशेब फाटतात.

तुमच्या आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. गावाने त्यांना वाकवलं तेव्हा त्यांना सांगितलं होतं की तू कुणीच नाहीस. ख्रिस्त वाकायला सांगतो तो, तू कुणाचा आहेस हे सांगून झाल्यावर. बाप्तिस्म्याच्या वेळी सांगितलं, प्रत्येक प्रभुभोजनाला पुन्हा सांगतो. ज्याला मुलगा म्हणून घरात घेतलं आहे त्याने घरातलं कुठलंही काम केलं तरी त्याचं मुलगेपण कमी होत नाही. तुम्हाला ९ मतांनी एवढं हलवलं, कारण आपण कोण या प्रश्नाचं उत्तर गेली काही वर्षं तुम्ही सेक्रेटरी या शब्दात ठेवलं होतं. शब्द गेला, उत्तर गेलं. माणूस गर्विष्ठ दिसतो तेव्हा आत बहुतेक वेळा अशी भीती असते. तुमच्या बायकोला ताठा दिसला. मला त्याच्या खालची भीतीही दिसते, आणि तिच्याबद्दल मला तुमची कीव नाही, माया वाटते.

शेवटच्या बाकाबद्दल. प्रभूने सांगितलं होतं की लग्नाला गेलास तर मुख्य आसनावर बसू नकोस, शेवटच्या जागी जाऊन बस. तुम्ही शेवटच्या जागी बसताय खरे, पण सगळ्यांनी मागे वळून पाहावं म्हणून. पाळकसाहेब तुमच्याकडे पाहत होते म्हणता. भाऊ, तुम्ही तिथे पाहिलं जाण्यासाठीच बसला होता. तुमच्या नेहमीच्या जागी, बायकोमुलांजवळ बसा. पाळकसाहेबांनीही उपदेशातून बोट दाखवण्यापेक्षा तुमच्या घरी येऊन चहा घेत बोलायला हवं होतं. हे पत्र त्यांच्या वाचनात आलं तर त्यांनी ते मनावर घ्यावं, अशी माझी त्यांना विनंती आहे.

तुमच्या मंडळीत फिलिप्पैकरांचा दुसरा अध्याय वाचला गेला, तर चौथाही वाचायला हवा होता. तिथे युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणींची नावं आहेत. दोघींनी पौलाबरोबर सुवार्तेसाठी श्रम केले होते, आणि त्यांचं जमत नव्हतं. चूक कुणाची, ते पौल लिहीत नाही. तो म्हणतो, युवदीयेला विनंती करतो आणि सुंतुखेला विनंती करतो. विनंती एकदाच लिहून दोन्ही नावं जोडता आली असती. त्याने दोनदा लिहिली, प्रत्येकीला वेगळी. लीनतेवरचा तो सुंदर अध्याय अशा भांडणाऱ्या मंडळीसाठी लिहिला गेला होता. तुमच्या-माझ्यासारख्या, जुन्या, कामाच्या, आणि रुसलेल्या माणसांसाठी.

रुसव्यावरून पंडिता रमाबाई आठवतात, पण उलट्या अर्थाने. मला जेव्हा जेव्हा आपलं मोठेपण डोक्यात चढल्यासारखं होतं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहते. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली, तेव्हा त्या जेमतेम विशीच्या होत्या. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. नाव इतकं झालेलं, आणि पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. जगभर आपल्याला ख्रिस्ती विदुषी म्हणून ओळखतात, त्या आठ वर्षांच्या कामाला लोक देणग्या देतात, आणि आपणच उठून हे सांगायचं! आणखी एक. ज्यांच्या जिभेवर संस्कृत नाचत होतं त्या बाईंनी म्हातारपणी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सगळ्या पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं, ते मुद्दाम सोप्या मराठीत. दुष्काळातून आलेल्या, नुकती अक्षरं ओळखायला लागलेल्या मुलीला वाचता यावं म्हणून जड संस्कृत शब्द टाळले. पंडिता या पदवीचं ओझं त्यांनी अशा कामी लावलं. १९२२ साली त्या गेल्या त्याआधी ते काम पुरं झालं होतं. आपलं ज्ञान खाली ठेवून शब्द निवडत बसणं किती कष्टाचं असतं, हे तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला कळेल.

पहाटेच्या प्रार्थनेबद्दल मला एक सुचवायचंय. देवा, मला नम्र कर, ही प्रार्थना थोडे दिवस बाजूला ठेवा. त्या प्रार्थनेत आपण पुन्हा आपल्याकडेच बघत राहतो. झालो का नम्र? कालपेक्षा आज किती? आणि एखाद्या दिवशी थोडे झालो असं वाटलं की त्याचाच ताठा येतो. मी इतरांसारखा पापी नाही म्हणणारा परुशी आणि दयेची याचना करणारा जकातदार, यांची गोष्ट वाचून उठताना, बरं झालं मी त्या परुश्यासारखा नाही, असं मनात येतं ना, तसंच ते आहे. मला तर ते कितीदा आलं आहे.

त्यापेक्षा आपल्या भाषेकडे बघा. आपल्या पवित्र शास्त्रात शब्द आहे लीन. भजनात रंगलेल्या माणसाला आपण तल्लीन म्हणतो. मीठ पाण्यात विरघळलं की विलीन झालं म्हणतो. लीन माणूस स्वतःला कमी लेखत बसलेला नसतो, तो दुसऱ्या कशात तरी इतका गेलेला असतो की स्वतःला मोजायला त्याला सवड नसते. तुम्हीही असे होता की कधीतरी. स्लॅब पडत होता त्या दिवशी तुम्ही उन्हात उभे राहून पाण्याची पाइप धरली असेल, तेव्हा सेक्रेटरी कोण हे तुमच्या मनात होतं का? म्हणून पहाटे त्या मुलाचं नाव घेऊन प्रार्थना करा. त्याच्या नोकरीसाठी, त्याच्या घरासाठी, त्याला हिशेब नीट जमावा म्हणून. पहिले आठ-दहा दिवस शब्द घशात अडकतील. अडकू द्या, तरी म्हणा.

आणि किल्ली. ती या आठवड्यातच द्या, रविवारची वाट पाहू नका. रविवारी सगळ्यांसमोर दिलीत तर तोही एक सोहळा होईल आणि तुमच्या मोठ्या मनाची चर्चा होईल. तुम्हीच त्याच्या घरी जा, संध्याकाळी, तो कामावरून आल्यावर. आधी घरी बसून रजिस्टरं चाळा. कुठल्या नोंदी अपुऱ्या आहेत, कुणाचे दाखले द्यायचे राहिलेत, प्रोसिडिंगच्या वहीत कुठे सह्या बाकी आहेत, ते एका कागदावर तुमच्या सुंदर अक्षरात लिहून काढा. (शिक्षकाचं अक्षर सुंदरच असणार, असं मी धरून चालते.) तो कागद त्याला खूप उपयोगी पडेल. तुमच्याशिवाय हे सांगणारं दुसरं कुणी नाही. सल्ले त्याने विचारल्याशिवाय देऊ नका. उशीर झाला, माझं चुकलं, एवढं म्हणा. 'पण तूही' असं पुढे लावू नका. तो कदाचित गप्प राहील, कदाचित तुटक बोलेल. त्यालाही तीन महिन्यांत काहीतरी लागलं असेल. तुमचं काम तेवढ्यावर संपतं.

पुढे वर्षभर कुठलंही पद घेऊ नका, कुणी गळ घातली तरी. मला वाटतं एक काम मात्र मागून घ्या, ज्याची नोटीस निघत नाही. तुमच्या मंडळीत अंथरुणाला खिळलेली दोन-तीन म्हातारी माणसं असतीलच. आठवड्यातून एकदा जाऊन त्यांना एखादा अध्याय वाचून दाखवा. याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. डाव्या हाताला कळू नये असं प्रभू म्हणाला होता, ते अशा कामांबद्दल. आणि तिथे एखादी म्हातारी तुम्हालाच दोन गोष्टी ऐकवेल, त्या ऐकून घ्या.

प्रभुभोजनाचं शेवटी लिहिते, कारण तिथे मला तुमची खरी काळजी आहे. मनात राग आहे म्हणून घेत नाही, असं तुम्ही म्हणता. त्यात प्रभूच्या मेजाबद्दलचा आदर आहे, तो मी मानते. पण करिंथकरांना पौल काय लिहितो ते पाहा. माणसाने आपली परीक्षा करावी आणि मग खावं. परीक्षा करून घरी जावं, असं तो म्हणत नाही. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभूने सांगितलं, तेव्हाही पुढे म्हटलं, मग येऊन अर्पण कर. परत यायचंच असतं. योग्य झाल्यावर घेईन, असं तुम्ही ठरवलंत तर तो दिवस कधी उगवणार नाही, आणि योग्य होऊन बसण्याचा विचार हाही पेत्राच्याच पठडीतला आहे. ज्या मेजावर यहूदाचे पाय धुतले गेले त्या मेजावर तुमच्या-माझ्यासाठी जागा आहे.

येत्या महिन्याचा पहिला रविवार अजून दहा दिवसांवर आहे. तेवढ्यात किल्ली पोचवून होते. बायकोला घेऊन पुढे जा. तिने ताठा म्हटलं ते तुम्हाला लागलं असेल, पण पत्र मला लिहायच्या आधी ते तिने तुम्हाला तोंडावर सांगितलं, याबद्दल मला तिचं कौतुक वाटतं. तिला माझा सलाम सांगा. आणि त्या मुलाच्या घरी चहा मिळाला तर नको म्हणू नका.

तुमची,
ताई